आजीची भाषा कोणाला शिकवायची?

व्हिएतनामच्या डोंगराळ भागातल्या राडे भाषेत शेतात उभ्या असलेल्या पिकाला म्दिये म्हणतात, कांडून घरात आलेल्या दाण्याला ब्राइह आणि शिजवून पानात वाढलेल्याला एसेई. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. साळ, तांदूळ, भात हे तीन शब्द आपल्याही तोंडात बसलेले आहेत आणि कोकणात तर ‘भात लावला’ आणि ‘भात शिजला’ यातला फरक लहान पोरालाही कळतो. अमेरिकेतल्या घरात मात्र सगळं ‘राइस’. ग्रीन्सबरो शहरातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत, व्हिएतनामहून आलेल्या मोंतान्यार निर्वासितांच्या शनिवार सकाळच्या भाषावर्गात, एक आजी आपल्या नऊ वर्षांच्या नातीला हे तीन शब्द सांगत होती तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. नातीचा प्रश्न एकच, “पण तिन्ही राइसच ना?” आजीला इंग्रजी येत नव्हतं, नातीला राडे येत नव्हती आणि मधे वर्ग घेणाऱ्या बाई होत्या. शेवटी आजीने पिशवीतून मूठभर तांदूळ काढून मुलीच्या तळहातावर ठेवले, मग डबा उघडून भात दाखवला. म्दिये दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. तिथे साळ कुठून आणणार?

मी नॉर्थ कॅरोलायनातच, ग्रीन्सबरोपासून सव्वा तासाच्या अंतरावर राहते आणि रविवारी मराठी शाळेत शिकवते. एका मैत्रिणीबरोबर या वर्गाला पहिल्यांदा गेले आणि मग जात राहिले. मराठी शाळेच्या अनुभवामुळे मला वाटत होतं की परदेशात भाषा टिकवण्यातलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं. तसं नव्हतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. निर्वासितांच्या भाषावर्गात मुलांकडून शब्द पाठ करून घेणं हे दुय्यम काम आहे. आजी, आई आणि नात यांच्यातलं तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करणं, हे मुख्य काम. आणि त्याचा खर्च, ज्या समाजाने या माणसांना आसरा दिला त्या समाजाने उचलला पाहिजे.

ही माणसं कोण, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून जरा मागे जाते. मोंतान्यार हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘डोंगरातले लोक’. व्हिएतनामच्या मध्य भागातल्या पठारावर, म्हणजे कोन तुम, प्लेइकू, बुओन मा थुओत, दा लात या टापूत राहणाऱ्या अनेक जमातींना फ्रेंचांनी हे एक नाव दिलं. सपाटीवरचे व्हिएतनामी त्यांना ‘मोई’ म्हणत, म्हणजे रानटी. त्यामानाने फ्रेंच शब्द बरा म्हणून तोच चिकटला. स्वतःला ते देगा असंही म्हणवतात. राडे, जराय, बाह्नार, कोहो, म्नोंग या त्यातल्या मोठ्या जमाती. यातल्या राडे आणि जराय या भाषा मलयच्या नात्यातल्या आहेत, थेट हवाई आणि न्यूझीलंडपर्यंत पसरलेल्या कुळातल्या. बाह्नार, कोहो आणि म्नोंग यांचं नातं कंबोडियाच्या ख्मेर भाषेशी. थोडक्यात, राडे आणि बाह्नार यांत मराठी आणि कन्नड यांच्याइतकं अंतर आहे. शेजार आहे, देवाणघेवाण आहे, पण कूळ वेगळं.

‘मोंतान्यार भाषा’ नावाची भाषाच नाही, हे म्हणूनच पहिल्यांदा समजून घ्यायला हवं. वर्ग काढायचा तर कोणत्या भाषेचा, या प्रश्नापासून सगळं सुरू होतं.

या लोकांच्या इतिहासात भाषेचा प्रश्न नवा नाही. फ्रेंच अमलात रोमन अक्षरांत राडे लिहिण्याची पद्धत बसवली गेली आणि बुओन मा थुओतच्या शाळेत ती शिकवलीही जात होती. बाह्नार तर त्याच्याही आधी, कोन तुमच्या कॅथलिक धर्मगुरूंनी लिहून काढली होती. १९५४ नंतर दक्षिण व्हिएतनाममध्ये न्गो दिन्ह दिएम यांचं सरकार आलं आणि या भाषा शाळांतून काढून टाकल्या गेल्या, पंचायतीसारखी चालणारी रूढीची न्यायालयं बंद झाली, सपाटीवरून लोक आणून पठारावर वसवले गेले. त्याविरुद्ध १९५८ साली जी चळवळ उभी राहिली तिचं नाव होतं बाजाराका. बाह्नार, जराय, राडे आणि कोहो या चार नावांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द. मला हे नाव फार बोलकं वाटतं. चार जमाती एकत्र आल्या, पण कोणीही आपलं नाव पुसून आली नाही. भाषावर्गाबद्दल पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ या नावात आहे.

पुढची हकिगत युद्धाची आहे. १९६१ पासून अमेरिकेच्या विशेष दलांनी बुओन एनाओ या राडे गावापासून सुरुवात करून हजारो डोंगरी तरुणांना हत्यारं दिली आणि आपल्या बाजूने लढायला लावलं. १९६४ साली त्यांची फुलरो ही स्वतःची संघटना उभी राहिली. १० मार्च १९७५ रोजी बुओन मा थुओतवर उत्तर व्हिएतनामच्या फौजांचा हल्ला झाला आणि ते शहर पडलं. अमेरिकन गेले होते. फुलरोचे लोक जंगलात शिरले आणि लढत राहिले. त्यातले सुमारे दोनशे जण १९८६ साली नॉर्थ कॅरोलायनात आणले गेले, कारण त्यांच्याबरोबर लढलेले माजी अमेरिकन सैनिक तिथल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाच्या परिसरात राहत होते आणि त्यांनी सरकारकडे त्यांची बाजू लावून धरली. १९९२ साली कंबोडियाच्या मोंडुलकिरी भागात संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना जंगलात आणखी सुमारे चारशे जण सापडले. ते अजून आपल्या नेत्याच्या, इ बाम एनुओल यांच्या, हुकमाची वाट पाहत होते. इ बाम यांना १९७५ सालीच कंबोडियातल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने मारलं होतं. सतरा वर्षं ही बातमी जंगलात पोचली नव्हती. २००१ साली पठारावर जमीन आणि धर्मस्वातंत्र्यासाठी मोठी निदर्शनं झाली, धरपकड झाली, लोक कंबोडियात पळाले आणि २००२ साली त्यातले सुमारे नऊशे अमेरिकेत आले. व्हिएतनामच्या आसपासचे देश सोडले तर आज मोंतान्यारांची सगळ्यात मोठी वस्ती ग्रीन्सबरो, रॅली आणि शार्लट या पट्ट्यात आहे.

यात एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. १९८६ साली आलेली तुकडी जवळजवळ सगळी पुरुषांची होती. राडे आणि जराय समाज मातृवंशीय आहे. मुलाला आईचं कूळ लागतं, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, लांबलचक घर आणि घरातली भांडीकुंडी, मौल्यवान झांजा (इंग्रजीत गाँग), सगळं बाईकडून मुलीकडे जातं. अशा समाजाचं परदेशातलं पहिलं पाऊल बायकांवाचून पडलं. काहींनी इथेच दुसऱ्या भाषेच्या बायकांशी लग्नं केली, काहींच्या बायका पुष्कळ वर्षांनी आल्या. ज्या समाजात घर म्हणजे आईचं घर, तिथे घरातली भाषा आईवाचून कशी रुजणार? पहिल्या तुकडीच्या मुलांना राडे-जराय येत नाही याचं खापर अमेरिकेतल्या शाळांवर फोडलं जातं. त्यात तथ्य आहे, पण निम्मं.

आता हरकतींकडे येते, कारण त्या मी त्या खोलीतच ऐकल्या आहेत, आणि ज्यांनी घेतल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पहिली हरकत आईबापांची. कारखान्यात रात्रपाळी करून आलेला बाप म्हणतो, मला इंग्रजी येत नाही म्हणून मी वीस वर्षं एकाच यंत्रासमोर उभा आहे. शनिवारी दोन तास मोकळे मिळाले तर मुलाने गणित करावं, इंग्रजी वाचावं. या बापाला ‘मातृभाषा म्हणजे अस्मिता’ असलं काही सांगायला जाऊ नये. त्याला त्याच्या घरातलंच दाखवावं. वर्गातली एक चौदा वर्षांची मुलगी मला म्हणाली की डॉक्टरकडे आजीबरोबर तीच जाते. डॉक्टर जे सांगतात ते तिला कळतं, पण आजीला सांगता येत नाही. तिला ‘पोट’ आणि ‘दुखतं’ येतं, पण दुखणं जळजळीचं आहे की मुरड्याचं, हे विचारायचे शब्द तिच्याकडे नाहीत. ती अंदाजाने काहीतरी सांगते आणि मग घरी येऊन रडते. चौदाव्या वर्षी तिच्यावर हे ओझं आहे आणि ते हलकं करण्याचे दोनच मार्ग आहेत. दवाखान्यात राडेचा दुभाषा ठेवणं हा एक, आणि त्या मुलीला पुरती राडे येणं हा दुसरा. दोन्ही मार्गांना राडे बोलणारी नवी पिढी लागते. आजचे दुभाषे साठीला आले आहेत.

इंग्रजी मागे पडेल ही भीती मात्र मला निराधार वाटते, आणि हे शिक्षक म्हणून सांगते. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला इंग्रजी येणारच. शाळा, मैदान, पडदा, सगळीकडे तीच आहे. १९९१ साली भाषा-अभ्यासक लिली वाँग फिलमोर यांनी हजाराहून अधिक स्थलांतरित कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं जितक्या लहान वयात फक्त इंग्रजी चालणाऱ्या बालवाडीत गेली, तितक्या लवकर घरची भाषा सुटली, असं त्यात दिसलं. आणि भाषा सुटली की आईबापांचं सांगणं, रागावणं, समजावणंही सुटत गेलं. मूल वयात येतं तेव्हाच घरात बोलायला भाषा उरत नाही. त्या रात्रपाळीच्या बापाला मी हेच सांगितलं. मुलगा सतरा वर्षांचा होईल, रात्री उशिरा घरी येईल, तेव्हा तुम्ही त्याला कुठल्या भाषेत विचारणार? तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या शनिवारी मुलगा वर्गात होता. माझ्या बोलण्यामुळे आला की आईच्या, मला माहीत नाही.

दुसरी हरकत जास्त अवघड. भाषा चार असतील तर वर्ग कोणाचा? शिक्षक मिळतात एक किंवा दोन, मुलं तीस, त्यातली बारा जराय, दहा राडे, पाचसहा कोहो आणि उरलेली बाह्नार. मग सोपा उपाय निघतो. सगळ्यांसाठी मिळून ‘मोंतान्यार संस्कृती’चा वर्ग, इंग्रजीतून. झेंडा, नकाशा, काळ्या-लाल विणकामाचे कपडे, वार्षिक मेळाव्यात एक नाच. मी हा वर्गही पाहिला आहे. मुलं आनंदात असतात, आईबाप फोटो काढतात, आणि तरी मला तो पटत नाही. त्यातून मुलाच्या हाती असं काही लागत नाही जे घेऊन ते घरी आजीजवळ जाऊन बसेल. संस्कृती इंग्रजीतून समजावून सांगितली की ती माहिती होते. झांजांच्या वादनाचीच गोष्ट घ्या. मध्य पठारावरच्या झांजसंस्कृतीला युनेस्कोने २००५ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. त्याच पठारावर डोंगरी लोक आपल्याच प्रदेशात अल्पसंख्य झाले आहेत, जमिनी कॉफीच्या मळ्यांखाली गेल्या आहेत आणि घरात प्रार्थनेला जमणाऱ्यांवर पोलीस येतात. झांजा मंचावर वाजतात, पर्यटक टाळ्या वाजवतात. वारशाला मान मिळाला, वारसदार उपरे राहिले. वर्ग काढणाऱ्यांनी या मंचाचीच छोटी नक्कल करू नये, इतकंच माझं म्हणणं.

त्यापेक्षा बाजाराकाची पद्धत बरी. छप्पर एक, चुली वेगळ्या. एकाच दिवशी, एकाच इमारतीत, चार खोल्यांत चार भाषांचे गट बसावेत. एखाद्या खोलीत तीनच मुलं असली तरी बसावेत. जेवण एकत्र. बाह्नारच्या तीन मुलांसाठी वेगळा गट परवडत नाही असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, तीनच आहेत म्हणूनच तर तातडी जास्त नाही का? शिक्षक नाही, हे कारणही मला पूर्ण खरं वाटत नाही. पदवीवाला शिक्षक नाही, हे खरं. आजी आहे. तिला अक्षरओळख नसेल, पण विणकाम येतं. कमरेला पट्टा बांधून, पाय पुढे रोवून, ताणा स्वतःच्या अंगाने ताणून धरत ती विणते. ते शिकताना हाताच्या प्रत्येक हालचालीला शब्द आहे. दोन तास आजीजवळ बसून विणलेल्या चार बोटं पट्टीत जितकी भाषा पोटात जाते तितकी तक्त्यावरच्या शब्दांच्या यादीने जात नाही. मराठी शाळेत बाराखडी गिरवून घेणारी मी हे सांगते आहे.

तिथे मला नावांचीही गंमत कळली. बुओन मा थुओत म्हणजे ‘आमा थुओतचं गाव’ आणि आमा थुओत म्हणजे थुओतचे बाबा. मूल झालं की माणसाला मुलाच्या नावाने ओळखायचं. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याला ‘बंडूचे बाबा’ म्हणायच्या तसंच, फक्त तिथे त्यावरून शहराचं नाव पडलं. राडेत पुरुषाच्या नावाआधी ‘इ’ येतो, बाईच्या नावाआधी ‘ह’. अमेरिकेतल्या अर्जांच्या रकान्यांत यांचं काय होत असेल याची कल्पना करा. वर्गातल्या एका मुलाला आपल्या नावातला ‘इ’ हे कसलंसं आद्याक्षर वाटत होतं, कशाचं ते ठाऊक नव्हतं. तो ‘इ’ म्हणजे ‘हा मुलगा आहे’ असं सांगणारी खूण, हे त्याला अकराव्या वर्षी कळलं.

आता मराठी शाळेशी तुलना, कारण माझ्या ओळखीचे मराठी लोक मला हमखास म्हणतात, “आपण कसं, स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या हौसेने भाषा टिकवतो, त्यांनीही टिकवावी.” आपण नोकरीसाठी आलो, विमानाने आलो, परत जायची वाट उघडी ठेवून आलो. माझ्या मुलाने मराठी सोडली आणि तिशीत त्याला ती परत हवीशी वाटली, तर पुण्या-नाशिकला येऊन सहा महिने राहिला तरी काम होईल. मागे आठ कोटींहून अधिक माणसं मराठी बोलत आहेत, वर्तमानपत्रं निघत आहेत, नाटकं लागत आहेत, २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आपण समुद्रातून तांब्याभर पाणी घेऊन आलो आहोत. सांडलं तर पुन्हा भरून घेऊ. राडे मुलाला ती सोय नाही. मागचा देश त्याच्या बापाला देशद्रोही समजतो, तिथे शाळेची भाषा व्हिएतनामी आहे, ‘देगा’ हा शब्दसुद्धा तिथे फुटीरपणाची खूण मानला जातो. काही कुटुंबं आजही बँकॉकमध्ये लपतछपत दिवस काढत आहेत, कारण १९५१ च्या निर्वासित करारावर थायलंडची सहीच नाही. अशा लोकांना ‘आमच्यासारखं हौसेने करा’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. वर्ग घेणाऱ्या त्या बाई शुक्रवारी रात्रपाळी करतात आणि शनिवारी सकाळी न झोपता शिकवायला येतात. पगार नाही. हे किती वर्षं चालेल?

चर्चने पुष्कळ सांभाळलं आहे, हे सांगायलाच हवं. यातले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, राडे आणि जराय भाषांत नवा करार छापलेला आहे, रविवारी प्रवचन आणि गाणी आपापल्या भाषांत होतात. भाषा आज जिथे सलग दोन तास कानावर पडते अशी ती एकमेव जागा आहे. पण प्रार्थनेची भाषा ही भाषेची एकच खोली. राडे ज्यांना खान म्हणतात ती रात्र-रात्र चालणारी जुनी महाकाव्यं, भाताच्या दारूच्या रांजणाभोवतीची गाणी, पिकाच्या आणि पाण्याच्या देवतांची नावं, हे सगळं जुन्या धर्माशी बांधलेलं आहे आणि बरेच धर्मगुरू त्यापासून चार हात दूर राहतात. ती त्यांची श्रद्धा आहे, मी त्यावर बोलणार नाही. पण म्हणूनच वर्ग चर्चच्या खोलीत भरला तरी चर्चचा असू नये. त्या महाकाव्यांतल्या दमसान या वीराची गोष्ट ऐकायला मुलाला कोणाची परवानगी लागू नये.

आसरा देणाऱ्यांनी खर्च उचलावा, यावर कपाळाला आठ्या पडतात हे मला ठाऊक आहे. या बाबतीत आपल्या मातीतली दोन उदाहरणं अमेरिकेला सांगण्यासारखी आहेत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियाच्या छावण्यांतून सुटून आलेली. महायुद्ध चालू, देश पारतंत्र्यात, आणि तरी त्या छावणीत पोलिश भाषेतल्या शाळा होत्या. ती मुलं पंचगंगेकाठच्या उन्हात पोलिश व्याकरण शिकली. दुसरं उदाहरण तिबेटी लोकांचं. १९५९ साली ते आले आणि १९६१ साली भारत सरकारने त्यांच्या मुलांसाठी वेगळी शाळायंत्रणा उभी केली, तीही शिक्षणखात्याच्या पैशाने. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे. साठच्या दशकातला भारत श्रीमंत नव्हता, धान्य आयात करत होता. तरीही पाहुण्यांच्या मुलांची भाषा ही आपली जबाबदारी आहे, असं त्याने मानलं. तिबेटी आज जगभर पांगले तरी त्यांची भाषा शाबूत आहे, यामागे त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेचं ऋण तर याहून सरळ आहे. या लोकांच्या गावागावांतून तिने सैनिक उभे केले आणि १९७५ साली त्यांना मागे टाकलं. आता १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा म्हणून जाहीर केली आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा कशा द्यायच्या याबद्दलचा २००० सालचा आदेश मागे घेतला. मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा अजून शाबूत आहे, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते दिसतंच. अशा वेळी स्थानिक शाळामंडळांनी आणि शहरांनी थोडं पुढे यावं. मागणी मोठी नाही. शनिवारी शाळेच्या चार खोल्या उघड्या ठेवाव्यात, शिकवणाऱ्या बायकांना तासाचे पैसे द्यावेत, आजीला गाडीने आणण्या-सोडण्याची सोय करावी. शेवटची मागणी किरकोळ वाटेल, पण वर्ग बंद पडतो तो बहुतेक वेळा तिथेच. गाडी चालवणारा कामावर असतो आणि आजी घरी बसून राहते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचत राहिली. बाह्नार भाषेत पाण्याला ‘डाक’ म्हणतात; डाक लाक या प्रांताच्या नावातला ‘डाक’ही तोच, म्नोंग भाषेतला. आपल्या मेळघाटात, धारणी आणि चिखलदऱ्यात, कोरकू लोक पाण्याला ‘डा’ म्हणतात. योगायोग नव्हे. कोरकू आणि बाह्नार एकाच प्राचीन कुळातल्या लेकी आहेत, हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, आणि पाण्याचा शब्द दोघींनी जपला. ग्रीन्सबरोत मी इंग्रजीच्या दडपणाबद्दल तावातावाने बोलते. मेळघाटातल्या कोरकू मुलासमोर शाळेत जी भाषा दडपण होऊन उभी राहते ती माझी आहे. पहिलीत ‘पाणी’ न समजलेलं मूल मठ्ठ ठरतं. त्याला ‘डा’ माहीत आहे हे गुरुजींना माहीत नसतं. कोरकू बोलणारे सात लाखांच्या घरात आहेत, आपल्याच देशात, आपल्याच गावात राहतात. त्यांच्या आजीला शाळेत बोलावून तासाचे पैसे द्यायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. मोंतान्यारांबद्दल मला जे वाटतं ते मी मराठीत लिहिते आहे याचं हेही एक कारण.

परवाच्या शनिवारी पुन्हा गेले होते. खोलीत विजेची शेगडी आणली होती, मुलं आजीबरोबर भात शिजवत होती आणि सगळं राडेतून चाललं होतं, अडखळत, हातवारे करत. एक ते सहा मोजून पाणी घातलं, सा, दुआ, त्लाव, पा, एमा, नाम. भात जरा लागला. त्या नऊ वर्षांच्या मुलीने पातेल्याच्या तळाची करपलेली पापडी खरवडून वर धरली आणि आजीला विचारलं, याला काय म्हणायचं? आपल्याकडे त्याला खरपुडी म्हणतात. आजीने एक शब्द सांगितला. शिकवणाऱ्या बाई वळून बघत राहिल्या. चाळिशीच्या आहेत, लहानपणी जंगलातून छावणीत आणि छावणीतून इथे आलेल्या. हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी आजीकडून तो दोनदा म्हणवून घेतला आणि वही काढून लिहून ठेवला.